यंत्राचा कंठ आणि कापलेली जीभ

आजच्या विषयाचं नाव जरा लांब आहे: एकपात्री इलेक्ट्रॉनिक संगीत-नाट्य. 'संगीत नाटक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किर्लोस्करांचं १८८० सालचं 'शाकुंतल' उभं राहतं. नांदी, ऑर्गन, तबला, पदाला मिळणारा वन्समोअर. आज त्यातलं काहीही नाही. रंगमंचावर एक गायिका उभी आहे. सोबत वादक नाहीत, दुसरं पात्र नाही. ध्वनिक्षेपकांतून फितीवर आधीच भरून ठेवलेले आवाज येत आहेत, आणि ती त्या आवाजांबरोबर, त्यांच्याविरुद्ध, त्यांच्या मधल्या फटींतून गाते आहे. साधारण १९ मिनिटांत हे सगळं संपतं.

या कृतीचं नाव 'फिलोमेल'. साल १९६४, देश अमेरिका. संगीत मिल्टन बॅबिट यांचं, काव्य जॉन हॉलंडर यांचं. बेथनी बिअर्ड्सली या सोप्रानो गायिकेसाठी फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ती लिहवून घेतली गेली. तिला संगीत-नाट्य म्हणावं की नुसती मैफिलीतली रचना, यावर जाणकार वाद घालतात. त्या वादात आपण फार वेळ घालवणार नाही. जिला काहीतरी घडलेलं आहे आणि ते जिला बोलायचं आहे, अशी एक बाई समोर उभी राहिली की नाट्य सुरू झालं, एवढं आम्हाला पुरेसं वाटतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या कृतीकडे येण्याची आमची वाट स्वरांपेक्षा एका प्रश्नाची आहे. एखाद्याचा आवाज काढून घेतला आणि पुढे त्याला दुसऱ्याच साधनातून आवाज मिळाला, तर तो आवाज कोणाचा?

आधी कथा. ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. रोमन कवी ओव्हिड याच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्याच्या सहाव्या भागात ती येते. अथेन्सच्या पँडियन राजाला प्रॉक्नी आणि फिलोमेला या दोन मुली. प्रॉक्नीचं लग्न थ्रेसच्या टेरेयस राजाशी झालं. पाच वर्षं गेली, माहेरची ओढ लागली आणि तिने नवऱ्याकडे हट्ट धरला, की बहिणीला एकदा भेटायला घेऊन या. टेरेयस अथेन्सला गेला. तिथे मेव्हणीला पाहिलं आणि त्याची नियत फिरली. सासऱ्याला शब्द देऊन त्याने तिला जहाजात बसवलं. थ्रेसच्या किनाऱ्याला लागल्यावर मात्र राजवाड्याऐवजी रानातल्या एका आडबाजूच्या घरात नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. ती गप्प बसेना. माणसांपर्यंत पोचता आलं तर माणसांना सांगेन, नाहीतर या झाडांना आणि खडकांना सांगेन, असं तिने त्याला सुनावलं. तेव्हा त्याने तलवारीने तिची जीभ कापली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तुझी बहीण वाटेतच वारली.

फिलोमेला वर्षभर कोंडून होती. तिने माग मांडला. पांढऱ्या सुतावर जांभळ्या धाग्यांनी घडलेली सगळी हकीकत विणली आणि ते वस्त्र दासीच्या हाती खुणेने बहिणीकडे धाडलं. प्रॉक्नीने वस्त्र उलगडलं आणि वाचलं. पुढचा सूड भयंकर आहे. दोघी बहिणींनी प्रॉक्नीच्याच मुलाला, इटिसला, मारलं आणि त्याचं मांस शिजवून बापाला वाढलं. टेरेयस तलवार उपसून मागे धावला, आणि धावता धावता तिघांचेही पक्षी झाले. तो हुदहुद झाला. बहिणींपैकी एक पाकोळी झाली आणि दुसरी नाइटिंगेल. जुन्या ग्रीक कथेत नाइटिंगेल होते ती प्रॉक्नी. रोमन परंपरेत अदलाबदल झाली आणि पुढच्या युरोपीय कवितेत नाइटिंगेल म्हणजे फिलोमेला हे पक्कं झालं. आपल्याकडे भाषांतरांत नाइटिंगेलला सर्रास 'बुलबुल' करून टाकतात. तो वेगळा पक्षी आहे. हा दिसायला साधा, तपकिरी असतो आणि रात्रीही गातो. आणखी एक गंमत सांगतो: निसर्गात रात्रभर गाणारा नाइटिंगेल नर असतो, मादी नव्हे. कवींनी दोन हजार वर्षं हे मनावर घेतलं नाही.

कोणी म्हणेल, ही तर पुराणकथा झाली, परीकथा कुठे? पण हिचं गोत्र परीकथांचंच आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात एका जुनिपरच्या झाडाची गोष्ट आहे. सावत्र आई मुलाला मारते, त्याचं कालवण करून बापाला वाढते, आणि बहीण हाडं गोळा करून त्या झाडाखाली ठेवते. झाडातून एक सुंदर पक्षी उडतो आणि गावभर आपल्या खुनाचं गाणं गात फिरतो. त्याच संग्रहात 'गाणारं हाड' नावाची लहानशी गोष्ट आहे: भावाने भावाला मारून पुलाखाली पुरलं, पुष्कळ वर्षांनी एका धनगराला त्याचं हाड सापडलं, त्याने ते कोरून आपल्या शिंगाला तोंडासाठी बसवलं, तर ते आपोआप गायला लागलं आणि खून उघडा पडला. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांनी संकलित केलेल्या असमिया गोष्टींत तेजीमला आहे. सावत्र आईने ढेकीत कांडून मारलेली ही मुलगी भोपळ्याचा वेल होते, मग झाड, मग कमळ, मग पक्षी. आणि तोडायला येणाऱ्याला दरवेळी आपली कहाणी सांगते.

एकमेकींपासून इतक्या लांबच्या मुलखांतल्या या गोष्टी. पण त्यांत एक धागा सारखा आहे. ज्याला बोलायचं होतं त्याचं तोंड बंद केलं गेलं, आणि मग बोलण्याचं काम दुसऱ्या कशाने तरी उचललं. वेलाने, हाडाने, वस्त्राने, पक्ष्याने. आपल्या मराठीत यासाठी फार नेमका वाक्प्रचार आहे: अन्यायाला वाचा फोडणे. वाचा 'फुटते' असंही आपण म्हणतो. फुटायला आधी काहीतरी कोंडलेलं असावं लागतं.

अँडरसनची १८३७ सालची जलपरी मात्र या रांगेत बसत नाही. तिचीही जीभ कापली जाते, समुद्रातली चेटकीण पायांच्या बदल्यात ती मागून घेते. पण तिच्या वतीने काहीच बोलत नाही. ती नाचते, डोळ्यांनी सांगू पाहते आणि राजपुत्राला शेवटपर्यंत काही कळत नाही. लहान मुलांना ही गोष्ट इतकी का रडवते, याचं एक कारण आमच्या मते हे आहे. मरणापेक्षाही, तिची वाचा कशातूनच फुटत नाही, हे त्यांना सोसत नाही.

आता थोडं तत्त्वज्ञान, आणि मग आपण यंत्राकडे जाऊ.

अॅरिस्टॉटलने आवाज आणि वाचा यांचा विचार निरनिराळ्या ठिकाणी केला आहे. आत्म्यावरच्या ग्रंथात तो म्हणतो की आवाज म्हणजे सजीवाचा ध्वनी, पण सजीवाने केलेला प्रत्येक ध्वनी आवाज नव्हे. खोकला हा आवाज नव्हे, कारण त्यामागे काही सांगण्याची कल्पना नसते. बासरीला किंवा वीणेसारख्या वाद्याला आपण आवाज आहे म्हणतो ते केवळ साम्याने. राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो आणखी एक रेघ ओढतो: सुखदुःख कळवण्यापुरता आवाज पशूंनाही असतो, पण न्याय काय आणि अन्याय काय हे मांडणारी वाचा फक्त माणसाला. आणि काव्यशास्त्रात ओळख कशी पटते याची उदाहरणं देताना तो सोफोक्लीझच्या 'टेरेयस' या नाटकाचा उल्लेख करतो. ते नाटक आज उपलब्ध नाही, तुटक अंश तेवढे उरले आहेत. पण त्या नाटकात फिलोमेलाच्या विणकामासाठी जो शब्दप्रयोग होता तो अॅरिस्टॉटलमुळे टिकला. त्याचा अर्थ असा, की मागावरच्या धोट्याला आवाज होता. म्हणजे जो तत्त्वज्ञ वाद्याच्या आवाजाला केवळ साम्याचा दर्जा देतो, त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात धोटा बोलतो आहे, आणि तो न्याय-अन्यायाविषयी बोलतो आहे. हा विरोध अॅरिस्टॉटलच्या नजरेतून सुटला असं आम्ही म्हणत नाही. ग्रंथांचे विषय वेगळे आहेत. पण आपल्या प्रश्नाचं बीज तिथे आहे.

आपल्या परंपरेत भर्तृहरीने वाणीच्या पायऱ्या सांगितल्या. पश्यंती, मध्यमा, वैखरी. पुढच्यांनी त्यांच्या मागे परा जोडली. वैखरी म्हणजे कंठ, जीभ, ओठ यांतून बाहेर पडणारी, ऐकू येणारी वाणी. मध्यमा म्हणजे मनात जुळून तयार असलेली, पण अजून न उच्चारलेली. टेरेयसने कापली ती वैखरी. मध्यमेला तलवार लागत नाही. ही मांडणी ग्रीक कथेवर फार ताणून बसवू नये हे आम्हाला कळतं, पण फिलोमेलाच्या त्या एका वर्षासाठी इतका चपखल शब्द दुसरा सापडत नाही. तिच्याकडे सगळं वाक्य तयार होतं. फक्त ते बाहेर यायला वाट नव्हती.

बॅबिट यांच्याकडे येऊ. हे गृहस्थ १९१६ साली जन्मले, २०११ साली गेले, आणि प्रिन्स्टन विद्यापीठात संगीत शिकवत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तिथे गणितही शिकवलं. श्योनबर्ग यांनी बारा स्वरांची विशिष्ट क्रमाने रांग लावून त्यावर रचना बांधण्याची पद्धत आणली होती. बॅबिट यांनी तोच शिस्तीचा विचार स्वरांपुरता न ठेवता कालमात्रेला, तीव्रतेला, नादगुणालाही लावला. असं संगीत वाजवणं माणसाला फार अवघड जातं. एका सेकंदाच्या किती लहान भागावर कोणता स्वर किती जोरात यावा हे लिहिता येतं, पण बोटांना ते प्रत्येक वेळी साधेलच असं नाही. म्हणून त्यांना यंत्र हवं होतं. यंत्राच्या नवलाईची हौस त्यांना फारशी नव्हती, अचूकपणाची होती.

ते यंत्र न्यूयॉर्कमध्ये होतं. कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांनी मिळून १९५९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचं केंद्र काढलं, रॉकफेलर फाउंडेशनने त्यासाठी १,७५,००० डॉलर दिले. तिथे आरसीए कंपनीचा 'मार्क टू' हा सिंथेसायझर होता. आज सिंथेसायझर म्हटलं की लग्नाच्या वाद्यवृंदातला, हातावर उचलून नेण्याजोगा कीबोर्ड आठवतो. हा खोलीची अख्खी भिंत व्यापणारा, निर्वात नळ्यांनी भरलेला राक्षस होता. त्याला वाजवायच्या पट्ट्या नव्हत्या. कळा होत्या त्या रुंद कागदाच्या गुंडाळीवर छिद्रं पाडण्यासाठी. कोणता स्वर, कोणतं सप्तक, कसला नाद, आवाज कसा उठावा आणि कसा विरावा, किती मोठा असावा, हे सगळं छिद्रांच्या सांकेतिक भाषेत लिहायचं. कागद पुढे सरकला की बारीक ब्रश छिद्रांतून पलीकडे टेकत, विद्युतप्रवाह जुळे आणि ध्वनी निर्माण होई. मग ऐकायचं, पसंत नसेल तर पुन्हा छिद्रं पाडायची. काही क्षणांच्या संगीतासाठी केवढी मेहनत, विचार करा.

छिद्रांच्या कागदाने चालणारं यंत्र. मंडळी, हे मूळचं कुठलं? विणकामातलं. फ्रान्समध्ये जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास असा माग तयार केला, ज्यात छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची पत्रं कोणता धागा वर उचलायचा ते ठरवत. पुढे गणनयंत्रांनी ही कल्पना उचलली. बॅबिट यांच्या मनात हा दुवा होता असा आमचा दावा नाही, तो आमच्यासारख्या रिकामटेकड्या निवृत्त माणसाला सुचलेला आहे. पण पाहा ना: जिची जीभ कापल्यावर माग बोलला, तिला १९६४ साली कंठ मिळाला तो मागाच्याच एका दूरच्या वंशजाकडून.

(आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असंही नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची खोली सुरू करून दिली, आणि गीता साराभाईंसारख्यांनी तिथे काम केलं. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.)

आता प्रत्यक्ष कृती. ओव्हिडची कथा जिथे संपते तिथे ही सुरू होते. सूड झालेला आहे, पाठलाग झालेला आहे, फिलोमेला नुकतीच पक्षी झाली आहे. थ्रेसच्या रानात ती आहे आणि तिला अजून कळत नाही की आपण कोण आहोत. कृतीचे तीन भाग आहेत.

पहिल्या भागाच्या आरंभी शब्द नाही. फितीवरून एक लांब 'ई' ऐकू येतो. निव्वळ स्वर, किंचाळी आणि गाणं यांच्या सीमेवरचा. हळूहळू त्या 'ई'भोवती व्यंजनं जमू लागतात. हॉलंडर यांनी इथे फार हुशारी केली आहे. इंग्रजीत झाडं म्हणजे 'ट्रीज', अश्रू म्हणजे 'टिअर्स', आणि अत्याचाऱ्याचं नाव टेरेयस. तिन्ही शब्द कानाला जवळजवळ चिकटलेले. ती झाड म्हणायला जाते तर अश्रू येतो, अश्रू म्हणायला जाते तर त्या माणसाचं नाव जिभेवर येतं. जीभच नव्हती ना इतके दिवस! अर्थासाठी शब्द सापडत नाही, तो ध्वनीवरून चाचपडत शोधावा लागतो. लहान मूल बोलायला शिकताना असंच करतं. आणि पक्षाघातानंतर वाचा परत येताना मोठी माणसंही असंच चाचपडतात, हे ज्यांनी घरात पाहिलं असेल त्यांना हा भाग ऐकताना वेगळंच काही जाणवेल.

दुसरा भाग प्रतिध्वनीचा. ती रानातल्या निरनिराळ्या पक्ष्यांना हाका मारते, विचारते, की मी तुमच्यातली का? उत्तर येतं ते प्रतिध्वनीचं, तिच्याच ओळीच्या शेवटच्या अक्षरांना वेगळा अर्थ देणारं. ही युरोपीय कवितेतली जुनी क्लृप्ती आहे. तिसऱ्या भागात कडव्यांची बांधणी येते, आवाज स्थिरावतो आणि मिळालेल्या नव्या कंठाने ती गाऊ लागते. पक्ष्याचं गाणं, पण आशय माणसाचा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. फितीवर दोन प्रकारचे ध्वनी आहेत. एक सिंथेसायझरने केलेले. दुसरा माणसाचा आवाज, पण तोही पालटलेला, थरांवर थर चढवलेला, कुठे दूर गेलेला तर कुठे कानाशी कुजबुजणारा. हा फितीवरचा आवाज कोणाचा? बेथनी बिअर्ड्सली यांचाच. म्हणजे रंगमंचावर जिवंत उभी असलेली बाई स्वतःच्याच, आधी कधीतरी मुद्रित केलेल्या आणि यंत्रातून गेलेल्या आवाजाशी बोलते आहे. प्रतिध्वनीच्या भागात तिला उत्तर देणारं रान म्हणजे तीच आहे. शोकात आणि मोठ्या धक्क्यानंतर माणूस असा स्वतःपासून थोडा अलग होतो. बोलतो एक, ऐकतो दुसराच, आणि दोघे एकाच देहात असतात. कीर्तनकार एकटा उभा राहून राजा होतो, राणी होते, चोपदारही होतो. एकाने अनेक होणं आपल्याला नवं नाही. इथे मात्र एक व्यक्ती अनेक पात्रं करत नाही. एकच पात्र अनेक ठिकाणांहून बोलतं, आणि ती ठिकाणं जुळवता जुळवता पुन्हा एक होऊ पाहतं.

आणि फीत थांबत नाही. आपल्याकडचा तबलजी गायकाचा श्वास ओळखतो. गायक एखाद्या जागेवर रेंगाळला तर सांभाळून घेतो, समेवर भेटतो. फितीला कान नाहीत. सेकंदाच्या काट्यावर तिचा पुढचा ध्वनी येणार म्हणजे येणार, गायिका पोचलेली असो वा नसो. १९६४ मधल्या तंत्राची ही मर्यादा होती. पुढे प्रयोगात गायकाचाच आवाज तत्क्षणी पकडून पालटणारी यंत्रं आली. पण या कृतीपुरतं म्हणाल तर ही मर्यादा आम्हाला अर्थपूर्ण वाटते. जे घडून गेलं ते असंच असतं. त्याला विनवता येत नाही. ज्या बाईवर हे ओढवलं तिला आपलं आजचं गाणं त्या न बदलणाऱ्या गोष्टीच्या भोवतीच बसवावं लागतं.

आता आक्षेप. पहिला अँडरसननेच १८४३ साली घेऊन ठेवलेला आहे. त्याची नाइटिंगेलची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. चीनच्या सम्राटाच्या बागेत खरा पक्षी गातो, मग रत्नं जडवलेला, किल्लीचा पक्षी भेट येतो, खऱ्याला विसरतात, किल्लीचा एक दिवस मोडतो, सम्राट मरणाच्या दारी असताना खरा पक्षी खिडकीशी येऊन गातो आणि मृत्यूलाच परतवतो. गोष्टीतला दरबारी संगीतगुरू यांत्रिक पक्ष्याची बाजू घेतो. त्याचा मुद्दा असा, की खऱ्या पक्ष्याचं पुढे काय येईल सांगता येत नाही, याचं सगळं ठरलेलं असतं, उघडून दाखवता येतं, समजावून सांगता येतं. अँडरसन या गुरूची टर उडवतो. आणि बॅबिट यांची मतं वाचताना क्षणभर वाटतं, अरे, हे तर तेच गुरुजी! सगळं निश्चित हवं, मोजता यायला हवं. १९५८ साली त्यांचा एक लेख 'तुम्ही ऐकता की नाही याची पर्वा कोणाला' अशा अर्थाच्या मथळ्याने छापून आला आणि तो मथळा त्यांना जन्मभर चिकटला. खरं तर तो संपादकांनी दिला होता, बॅबिट यांनी दिलेलं नाव 'विशेषज्ञ म्हणून संगीतकार' अशा अर्थाचं होतं. पण मथळेच लक्षात राहतात.

तरी 'फिलोमेल'ला अँडरसनचा आक्षेप लागू होत नाही असं आमचं मत आहे. कारण इथे यंत्र खऱ्या पक्ष्याच्या जागी बसायला आलेलं नाही. खरा कंठ समोर उभा आहे, दमतो आहे, श्वास घेतो आहे. यंत्राने केलं ते एवढंच, की त्या कंठाला जे एकट्याने शक्य नव्हतं ते बोलता यावं. किल्लीचा पक्षी आणि धनगराच्या शिंगाला लावलेलं हाड, दोन्ही वस्तूच. पण एक दुसऱ्याची नक्कल करते, दुसरी साक्ष देते. आपण वाद्याला अॅरिस्टॉटलप्रमाणे केवळ साम्याने आवाज बहाल करत असू, तर हाडाचं काय करायचं? त्याच्या गाण्याने खुनी पकडला गेला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. सुसान मॅक्लेरी या स्त्रीवादी संगीत-अभ्यासक. त्यांनी १९८९ च्या एका निबंधात या कृतीकडे लक्ष वेधलं, की तिच्यावर जे बोललं-शिकवलं जातं ते स्वररांगा आणि तंत्र यांविषयी, आणि बलात्कार, छिन्न केलेली स्त्री हा विषय जणू तिथे नाहीच. हे आम्हाला पटतं. त्यात भर अशी, की कवी पुरुष, संगीतकार पुरुष. ज्या बाईची जीभ पुरुषाने कापली तिला वाचाही दोघा पुरुषांनी लिहून दिली. एवढंच असतं तर आम्हीही म्हटलं असतं, की ही वाचा फोडणं नव्हे, ही वाचा घालणं आहे, बाहुलीला घालतात तशी. पण प्रयोगात एक तिसरं माणूस आहे. बिअर्ड्सली. तिच्या आवाजावाचून यंत्राकडे पालटायला काही नव्हतं आणि तिच्या श्वासावाचून फितीसमोर उभं राहायला कोणी नव्हतं. बॅबिट यांनी तिच्यासाठी आधीही, १९६१ साली, 'व्हिजन अँड प्रेअर' लिहिलं होतं. हा कंठ काय करू शकतो हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं आणि मग लिहिलं. म्हणून श्रेयाची विभागणी आपण नेहमी करतो तशी, आधी संगीतकार, मग कवी, शेवटी गायिका, अशी इथे करता येत नाही. पण मॅक्लेरींचा मुद्दा श्रेयाचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. सांगणारी सांगते आहे आणि ऐकणारे तंत्राची वाखाणणी करत आहेत, हे पुन्हा एकदा तिचं बोलणं न ऐकण्यासारखंच झालं. प्रॉक्नीने ते वस्त्र उलगडून 'वीण काय सुरेख आहे' असं म्हटलं असतं तर?

व्याख्यानाआधी श्रोत्यांचे जे प्रश्न आले त्यांतला एक इथे घेतो, कारण तो याच ठिकाणी बसतो. एका श्रोत्याने विचारलं आहे, की आता संगणक कोणाच्याही आवाजाची हुबेहूब प्रत करतो, मग १९६४ च्या त्या फितीत विशेष ते काय राहिलं? तांत्रिक विशेष काही राहिलं नाही, हे खरं. पण प्रश्न बदलून विचारा. प्रत केलेला आवाज ऐकताना आपण विचारतो, हा हुबेहूब त्याच्यासारखा आहे का? 'फिलोमेल' ऐकताना हा प्रश्न मनात येतच नाही. तिथे आवाज मुद्दाम तिच्यासारखा ठेवलेला नाही. तो ताणलेला, फाटलेला, परका झालेला आहे, आणि तरी आपण म्हणतो, ही तीच. जीभ कापलेल्या, पंख फुटलेल्या बाईचा आवाज पूर्वीसारखा कसा असेल? हुबेहूब असता तर खोटा वाटला असता.

ऐकायचं असेल त्यांच्यासाठी: बिअर्ड्सली यांच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. संहिता हातात धरून ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. इंग्रजी येत असलं तरी नाही. दिवा मालवा, कर्णयंत्रं लावा आणि पहिल्या मिनिटात त्या 'ई'मधून पहिलं व्यंजन कधी फुटतं तेवढं फक्त कानाने धरायचा प्रयत्न करा. फितीवरची ती कोणती आणि समोरची कोणती, हे बहुतेकांना सुरुवातीला कळत नाही. बरेच जण तिथेच वैतागून बंद करतात. तसं करू नका, दुसऱ्या भागातल्या हाकांपर्यंत थांबा.